कळवतो

दांडिया बाजारात मंडळाच्या हॉलमध्ये
पंखे सहा, चालतो एक, तो हेमाताईंच्या डोक्यावर.
मी दारापाशी, वहीत नावं लिहायला.
नाटक ‘विलायती पाहुणचार’, काळ एकोणीसशे अकरा,
तीन अंक, सोळा पात्रं,
आणि मी मोजले आहेत, बावीस वेळा चहा.

निवडीला सगळ्यांना एकच वाक्य:
“आपण आलात, सगळं घर उजळलं.”
हेमाताई समजावतात, म्हणायचं असं
की पाहुण्यानं उठून टांगा बोलवावा
आणि घरी पोचल्यावर बायकोला सांगावं,
किती अगत्याची माणसं!

वीज बोर्डातून निवृत्त झालेले जगदाळे
हे वाक्य किल्ल्याच्या बुरुजावरून म्हणाले.
संस्थापकांची तसबीर खिळ्यावर हलली.
दातांचे डॉक्टर जिग्नेशभाई पंड्या,
मराठी शिकले शेजारच्या काकूंकडून, शेवउसळ खाता खाता,
त्यांनी ‘ळ’ असा गोल, असा भरून म्हटला
की आम्ही जन्मानं मराठी बायका
जरा वेळ आपापल्या पर्समध्ये काही शोधत बसलो.
कारेलीबागेतली ऋजुता, नऊवारीत बसून दाखव म्हटल्यावर
हेमाताईंना गुडघ्याचे व्यायाम सांगायला लागली.

प्रत्येकाला निघताना मी म्हणते,
“छान झालं. कळवतो हं.”
‘कळवते’ नाही. मंडळातर्फे बोलायचं तर अनेकवचन.

सहाच्या सुमारास एकजण आले.
पांढरा बुशशर्ट, हातात छत्री, तीही मार्चमध्ये.
“नाव?”
“टिपणीस. अविनाश रघुनाथ.”
पेन थांबलं नाही.
एवढं मी आयुष्यात शिकले आहे.

अठ्ठ्याऐंशी साल. वारसियातलं आमचं भाड्याचं घर.
शेजारून आणलेल्या सहा कपबशा,
एका कपाला कान नव्हता, तो मी माझ्याकडे वळवून धरलेला.
चपला घालताना ते अगदी वाकून म्हणाले,
“वड्या फार सुरेख होत्या. कळवतो.”
बाबा पोस्टमनची वाट बघत राहिले, आषाढापर्यंत.
मग एका संध्याकाळी त्यांनी विषय काढला नाही.
दुसऱ्याही नाही.

पुढे माझं सगळं नीट झालं. बँक, लग्न, मुलगा आणंदला.
तो मुद्दाच नाही.

त्यांनी मला ओळखलं नाही.
आडनाव बदललंय, केस मी रंगवत नाही.
छत्री भिंतीला टेकवली, किंचित झुकले,
आणि शेवटच्या शब्दावर आवाज असा धरला,
दुधावर साय धरते तसा:
“आपण आलात. सगळं घर उजळलं.”

हेमाताईंनी चष्मा काढला. जगदाळेसुद्धा गप्प.
दिवसभरात पहिल्यांदा कुणाला तो अर्थ सापडला होता.
सापडला कसला,
त्यांच्याकडे होताच.

“उत्तम,” मी म्हटलं. “कळवतो हं.”
“अवश्य,” म्हणाले.
दारात वळून पाहिलं, लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ.
की उंबऱ्यावर पाय जपत होते? नक्की सांगता येत नाही.

रात्री यादी ठरली. रावबहादूर: जिग्नेशभाई.
टिपणिसांना वराचे मामा. तिसरा अंक, वाक्यं दोन,
त्यातलं एक “येतो”.
आवाज लहान आहे, हेमाताई म्हणाल्या,
मागच्या रांगेत पोचायचा नाही.
आणि एवढ्याशा कामासाठी त्यांना फोन नको करूस,
नाही आला की माणूस समजतो.

समजतो, मी म्हटलं.

घरी जेवणं झाली, ओटा पुसला,
नऊ वाजून दहा मिनिटांनी नंबर लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
“मंडळातून बोलतेय,” मी म्हटलं.
“‘कळवतो’ म्हटलं होतं ना,
म्हणून कळवतेय.”